खिंडीत मी गप्प बसले

सावळेराम मामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी पोहे खात होते. फोन ठेवला आणि उरलेले पोहे संपवले. वर चहाही घेतला. दहाव्याला जायचं मनात नव्हतं, पण नाही गेले असते तर बाया म्हणाल्या असत्या, यमुना अजून धरून बसली आहे. धरून बसलेच आहे मी, पण ते त्यांनी कशाला म्हणायचं? म्हणून गेले. धरणाच्या काठावर उन्हात बसून सगळ्यांची भाषणं ऐकली. माणूस मेला की आपल्याकडे त्याचं सगळं गोडच होतं. एक टोपीवाला उठला आणि म्हणाला, "बेटावर जीप आणली ती सावळेरामभाऊंनी. त्यांच्यामुळं ह्या डोंगरात चाक फिरलं." माना डोलल्या. माझ्या बाजूची बाई तर डोळे पुसायला लागली. मी तिथे काही बोलले नाही. घरी आले, नातवाची वही घेतली आणि लिहायला बसले. सावळेराम माझ्या आत्याचा नवरा. आमच्याकडे आत्याच्या नवऱ्याला मामाच म्हणतात. तोंडावर मी त्याला जन्मभर अहोजाहो केलं, इथे करणार नाही.

बेट म्हणजे आमची वाडी. खरं तर ते बेट नव्हे. संगमनेरजवळच्या अकोल्याच्या पश्चिमेला, डोंगराच्या सोंडेवर पंचवीस-तीस घरं, तीन बाजूंना धरणाचं पाणी आणि चौथ्या बाजूला खिंड. पण खिंडीतली वाट बंद झाली की आम्ही बेटावरच असायचो, म्हणून राजूरच्या बाजारात आम्हाला बेटावरचे म्हणत. वाडीतून निघालं की चढ, मग खिंड, आणि खिंडीपलीकडे पाण्याच्या कडेने खाली जाणारा तांबड्या चिकणमातीचा उतार. त्याला सगळे तुपाचा उतार म्हणत. कोरडा असला तर शेंबडं पोरगंही सायकल घेऊन उतरेल. चार थेंब पडले की त्यावर बैलसुद्धा गुडघे टेकायचा. उतार संपला की दगडी पाऊलवाट, पुढे डांबरी सडक आणि तिथून राजूर.

ह्या वाटेवर पहिली जीप आणली ती माझ्या दादांनी. दादा म्हणजे माझे वडील, किसन त्यांचं नाव. मिलिटरीतून लिलावात निघालेली जीप, मूळचा रंग कुणालाच आठवत नव्हता, वर फाटकी ताडपत्री, आणि हॉर्न असा की म्हशी दावं तोडायच्या. सकाळी तिचा आवाज हाच वाडीचा गजर होता. आई चुलीवर नागलीच्या भाकरी थापत असायची, मी पाट्यावर खुरासणीची चटणी वाटत असायचे आणि बाहेर दादा इंजिन गरम करत बसलेले. जीप खोकायची, थांबायची, पुन्हा खोकायची. आई म्हणायची, "माझ्या सवतीला आधी पाणी पाजा, मग मी तुमास्नी भाकरी वाढते." दादा हसायचे आणि खरंच आधी रेडिएटरमध्ये पाणी ओतायचे. रविवारी बाजारावरून येताना धरणाचे मासे आणायचे, त्याचं कालवण आणि काळ्या भाताचा भात. मासे साफ करताना आईची बडबड, मांजरांचा कालवा आणि कालवणाचा तो वास. त्या घराला काय कमी होतं, सांगा बरं?

फोर कधी लावायचा हे दादांनी मला तेव्हाच शिकवलं. मी चौदाची असेन. मुलगा नव्हता त्यांना, पण म्हणून नाही शिकवलं. मी विचारत होते म्हणून शिकवलं. त्या जीपची ओढ एरवी मागच्या दोनच चाकांना असायची. गिअरच्या बाजूची एक छोटी दांडी ओढली की ओढ पुढच्या चाकांकडेही निघायची, त्याला आम्ही फोर लावणं म्हणायचो. पण नुसती दांडी ओढून भागत नव्हतं. खाली उतरून पुढच्या दोन्ही चाकांच्या मधोमध असलेली चकती, म्हणजे हब, हाताने फिरवून लॉक करावी लागायची. हब मोकळे असले तर आत बसून दांडी ओढा नाहीतर घंटा वाजवा, पुढची चाकं आपली नुसती गडगडत राहणार. चकतीवर एक लाल खूण होती. खूण वर म्हणजे लॉक, खूण आडवी म्हणजे मोकळी. खिंडीत देवीचं ठाणं आहे, तिथे प्रत्येक गाडी थांबून नारळ फोडते. दादा नारळ फोडून झाला की वाकून हब फिरवायचे आणि मगच उतारावर जीप घालायचे.

"चिखलात रुतल्यावर फोर लावतो ते गाढव," दादा म्हणायचे, "चिखल दिसल्यावर लावतो तो डायवर. आन् डांबरावर लावतो त्याच्या हातात बैलगाडीबी दिऊ न्हाई." डांबराचं काय ते मला आधी कळेना. मग त्यांनी अंगणात काडीने काढून दाखवलं. वळणावर चारही चाकं सारखं अंतर जात नाहीत. चिखल असला की एखादं चाक जरा घसरतं आणि हिशेब जुळतो. कोरडं डांबर चाकाला घसरू देत नाही, मग तो सगळा पीळ आतल्या लोखंडात जातो. पिळून पिळून एक दिवस तुटतं. "आन् तुटतं कवा? डांबरावर न्हाई तुटत यमे. तुटतं उतारावर, मानसं बसल्याली असत्यात तवा." हे ते मला उगीच सांगत होते, शिकवण्याच्या ओघात. आपल्याच जीपबद्दल सांगतोय हे त्यांना तरी कुठे माहीत होतं?

आता पर्यटक येतात इथे, काजवे बघायला आणि धबधब्यात भिजायला. घराएवढ्या गाड्या, आत बटण दाबलं की फोर लागतो. बटण दाबून येतात आणि तरी रुततात. मग कुणीतरी माझा नंबर देतो. परवा एक जण मला म्हणाला, "आजी, ही ऑल टेरेन आहे." मी म्हटलं, "असेल बाळा, पण हे टेरेन तिला कुणी दाखवलेलं दिसत नाही." साखळी लावली आणि काढली बाहेर.

तर सावळेराम. कौसाआत्या दादांची एकुलती धाकटी बहीण. वाडीतच दिलेली, आमच्यापासून आठ-दहा घरं पलीकडे. नवरा म्हणजे इस्त्रीचा सदरा, कानात अत्तराचा बोळा आणि तोंडात कायम दुसऱ्याची उणीदुणी. गाडी चालवायला येत होती, पण गाडी कळत नव्हती. एकदा त्याच्या चुलतभावाच्या लग्नासाठी संगमनेरला जायला त्याने जीप मागितली. दादांचा जीव खालीवर झाला, पण बहिणीच्या नवऱ्याला नाही कसं म्हणायचं? दोन दिवसांनी जीप परत आली, हारांसकट. मी पाणी मारून धुवायला घेतली आणि बघते तर दोन्ही हबांच्या लाल खुणा वर. लॉक. आत छोटी दांडीही ओढलेली. म्हणजे हा बाबा संगमनेरपासून, डांबरावरून, घाटाच्या वळणावळणाने फोर लावून आला होता. का, तर फोर लावला की जीपचा आवाज जड येतो आणि लोक वळून बघतात. मी हब मोकळे केले, दांडी सारली आणि दादांना सांगायला गेले. दादा शेतावर होते. संध्याकाळी ते आले तेव्हा पाहुणे आले होते. मग मी विसरले. हे मी आयुष्यात फार थोड्या लोकांना सांगितलं आहे. मी विसरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा माणसं घेऊन निघाले. रात्री उताराला ओल आली होती. खिंडीत त्यांनी रीतसर नारळ फोडला, हब लॉक केले, दांडी ओढली आणि निम्म्या उतारावर पुढच्या चाकातला क्रॉस, म्हणजे चाकाला ओढ देणारा लोखंडी सांधा, तुटला. तुटलेला तुकडा अडकला, स्टेअरिंग फिरेना आणि जीप खाचरात कलंडली. माणसांना मुका मार लागला, एका म्हाताऱ्याचं मनगट मोडलं. दादांचा डावा पाय घोट्यापाशी जीपखाली आला. पाय राहिला, पण क्लच दाबायचा पाय उरला नाही.

आणि दादा राजूरच्या दवाखान्यात असताना सावळेरामने वाडीत काय सांगितलं? "किसनरावांनी आदल्या रातीला घेतली हुती. म्या डोळ्यानं बघितली बाटली." दादा शिमग्याला घोटभर घ्यायचे, हे सगळ्यांना माहीत. त्यामुळे ते लगेच खपलं. ज्यांना दादांनी वर्षानुवर्षं पाठीवर घालावं तसं बाजाराला नेलं होतं, तीच माणसं म्हणायला लागली, दारूपायी आमचा जीव घेतला असता. मी बोंबलून सांगत होते, संगमनेरहून जीप आली तेव्हा हब लॉक होते, हब लॉक होते! कोण ऐकतंय? एक म्हातारी तर म्हणाली, "पोरी, बापाची लाज झाकायला असं कायबी बोलू न्हाई." आज ती म्हातारी नाही. असती तरी तिच्याशी मी बोलले नसते.

जीप दुरुस्तीला आलेल्या मिस्त्रीने तुटका क्रॉस दादांच्या हातावर ठेवला. "ह्यो एका दणक्यात तुटल्याला न्हाई. आधीच पिळून चिरलाय. डांबरावर फोरमंदी कुनी पळवली?" दादा पायाला प्लास्टर लावून ओट्यावर बसले होते. मी खांबाला टेकून उभी. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग मिस्त्रीकडे, आणि म्हणाले, "हे इथंच ऱ्हाऊ द्या. माझी भन त्याच्या घरात नांदती. दोन पोरी हायत तिला." मिस्त्री मान हलवून गेला. मी तणतणले, रडले, भांडी आपटली. दादांचं एकच, "यमे, बोललीस तर माझी आन हाय." तोंडाला असं कुलूप घातलं त्यांनी.

त्याहून वाईट पुढेच होतं. आत्या आली. नवऱ्याचं ऐकून आली. भावाच्या पायाशी बसून ढसाढसा रडली, पदरातून तुळशीची माळ काढली आणि म्हणाली, "भाऊ, माझी शप्पत हाय. ही घाल. आजपास्नं दारूला शिवू नगंस." माळ घातली म्हणजे दारू गेली, मटण गेलं, मासे गेले. न केलेल्या पापाची माळ माझ्या बापाने मान वाकवून घालून घेतली. बहिणीच्या डोक्यावरून हात फिरवला. त्या रविवारी आईने कालवणाचं पातेलं घासून पुसून माळ्यावर टाकलं, आणि मी परसात जाऊन सावळेरामला जेवढ्या येत होत्या तेवढ्या शिव्या दिल्या. वर त्याने काय केलं, तर वर्षभरात स्वतःची जीप घेतली आणि दादांचीच माणसं भरून दादांच्याच वाटेवर चालवायला लागला. आमच्या दारावरून जाताना हॉर्न द्यायचा. मेल्याचा हॉर्न अजून माझ्या कानात आहे.

आमची जीप आंब्याखाली उभी राहिली. कोंबड्या तिच्यात अंडी घालायच्या. चार वर्षांनी, मी शाळा संपवून घरी बसले तेव्हा, दादा एक दिवस काठी टेकत जीपपाशी गेले आणि कोंबड्या हुसकल्या. "बस," म्हणाले. मी चालवायला बसले, ते शेजारी. पोरीने जीप चालवायची म्हणून वाडीत हसू झालं. सावळेराम चावडीवर म्हणाला, "आता बेटाचं काय खरं न्हाई, बया चाकावर बसली." पण दादा माझ्या बाजूला बसून डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "आता कुठलं चाक फिरतंय सांग." आवाजावरून सांगावं लागायचं. पुढच्या चाकांना ओढ लागली की खालून एक बारीक घुईं असा सूर येतो. तो नसला तर फोर लागलेला नाही, दांडी काहीही सांगो. वर्षभरात मला तो सूर झोपेतही ओळखू यायला लागला. मग मी वाडीची पोरंपोरी हायस्कुलात सोडायला लागले, पाठोपाठ बायका बसायला लागल्या. दादा कायम शेजारी.

आणि त्याच वर्षी मला सावळेरामची गोम कळली. खिंडीत त्याची जीप माझ्या पुढे असायची. तो नारळ फोडायचा, आत बसायचा, सगळ्यांना दिसेल असा हात उंच नेऊन छोटी दांडी ओढायचा आणि ओरडायचा, "फोर लावलाय, बिनघोर बसा!" पण खाली उतरून हबाला कधी हात लावायचा नाही. खुणा कायम आडव्या. मोकळ्या. पावसाळ्यात तुपाच्या उताराने तो येतच नव्हता, पायाला फोड आला, इंजिन काढलंय, अशी कारणं सांगायचा. कोरड्यात काय, कशीही उतरते. आधी मला वाटलं, गाढवाला माहीतच नसेल. नंतर डोक्यात प्रकाश पडला. ह्याला माहीत होतं! संगमनेरहून येताना आमच्या जीपचा खडखडाट त्याने ऐकला होता, आपण काय मोडलं हे त्याला तेव्हाच कळलं होतं, आणि त्या भीतीने हा माणूस स्वतःच्या जीपचा हब जन्मात फिरवत नव्हता. त्या दोन आडव्या खुणा म्हणजे त्याचा कबुलीजबाब होता, आणि तो रोज माझ्या डोळ्यांसमोरून जात होता.

सुनंदाचं, म्हणजे आत्याच्या थोरलीचं लग्न मार्गशीर्षात निघालं. नवरदेव राजूरपलीकडचा, लग्न त्यांच्या दारी. आदल्या संध्याकाळी अवकाळी आली. धड भिजवलं नाही, नुसती माती कालवून गेली. सकाळी ऊन पडलं होतं, पण तुपाचा उतार नावासारखा झाला होता. वऱ्हाड निघालं. पुढे सावळेरामची जीप, झेंडूचे हार लावलेली. तिच्यात नवरी, आत्या आणि दोन म्हाताऱ्या. मागे मी, शेजारी दादा, पाठीमागे पाहुणेमंडळी. बाकीचे पायी. मुहूर्त साडेअकराचा.

खिंडीत थांबलो. नारळ फुटला. मी माझ्या जीपच्या पुढच्या चाकाशी वाकले, हब फिरवला, दुसऱ्या बाजूला गेले, तोही फिरवला. तशीच उकिडवी असताना सावळेरामच्या चाकाकडे नजर गेली. आडवी खूण. आत त्याने हात उंच करून दांडी ओढली. "फोर लावलाय, बिनघोर बसा!" मी बघते आहे हे त्याने पाहिलं आणि चिडला. "काय चाचपतीस चाकं? दारुड्याच्या पोरीनं मला गाडी शिकवू न्हाई." आत्याने ऐकलं. दादांनी ऐकलं. पाहुण्यांनी ऐकलं. सुनंदाने मुंडावळ्या सावरत बाहेर डोकं काढलं आणि म्हणाली, "यमुताई, माज्या मागंच ऱ्हा गं."

ते तो बोलला नसता तर मी सांगितलं असतं, असं इथे लिहायला मला आवडेल. ते खोटं आहे. मी सांगणार नव्हतेच. हब फिरवायला किती वेळ लागतो? दोन्ही मिळून पाणी प्यायला लागतो तेवढा. मी माझ्या जागेवर जाऊन बसले आणि गप्प राहिले. भीती वाटत नव्हती. मला आनंद झाला होता. सहा वर्षं ज्याची वाट बघितली ते आता होणार होतं.

पहिल्या वळणापर्यंत तो नीट गेला. दुसऱ्या वळणावर मागची चाकं सुटली, त्याने घाबरून ब्रेक दाबला आणि ब्रेक दाबला की तुपावर संपलंच. जीप आडवी झाली, हारांसकट सरकत गेली, कडेवरून खाली घसरली आणि पाण्यात बुडालेल्या जुन्या बांधाला अडकून थांबली. मागचं चाक पाण्यात, नवरीची बाजू पाण्यावर कललेली. तिथे लगेच खोल आहे, धरणाखाली गेलेली विहीर आहे तिथे. म्हाताऱ्या बोंबलायला लागल्या. कुणी हललं की जीप आणखी कलायची. सावळेराम स्टेअरिंगला मिठी मारून बसला होता आणि अर्धवट वेड्यासारखा ती छोटी दांडी पुन्हा पुन्हा ओढत होता.

मी लो गिअरमध्ये, ब्रेकला पाय न लावता, मुंगीच्या पावलाने उतरले. खालून घुईं सूर येत होता. पाऊलवाटेच्या खडकावर जीप लावली, साखळी खांद्यावर घेतली आणि चिखलातून त्याच्या बंपरपर्यंत गेले. आकडा हातात धरला. लावला नाही.

"मामा," मी म्हटलं, "आमची जीप संगमनेरवरनं कशी आणली ते सांगा."

"आगं आकडा लाव आधी!"

"लावते. आधी सांगा. सगळ्यास्नी ऐकू जाईल असं सांगा."

मागून दादा ओरडले, "यमे! आकडा लाव!" बापाने तसा आवाज मला पूर्वी कधी दिला नव्हता आणि नंतरही दिला नाही. मी वळून बघितलं नाही. सुनंदा आईला बिलगून थरथरत होती. जीप बोटभर आणखी कलली, बांधाचा एक दगड पाण्यात गेला. डुबुक असा आवाज झाला.

"फोर लावून आणली!" सावळेराम किंचाळला. "डांबरावरनं आणली. खडखड वाजत हुती. भ्यालो म्या, कुनाला बोल्लो न्हाई!"

"आन् दादा?"

"किसनराव प्यायलं न्हवतं! न्हवतं प्यायलं! म्याच उठवलं ते! आता लाव गं, पाया पडतो तुझ्या, लाव!"

वरच्या वाटेवर पायी येणारं सगळं वऱ्हाड थांबलेलं. सगळ्यांनी ऐकलं. मी आकडा लावला आणि येऊन आमची जीप ओढीला घातली. पहिल्या ओढीला जीप बांधावरून सुटून खडकावर आली. ओढताना आमच्या जीपची चारही चाकं अशी जमीन धरून चालली की दादांनीच शेजारून हात फिरवावा असं वाटलं. मी शेजारी बघितलं. दादा तिथे नव्हते. ते कधीच उतरून, काठी टाकून, त्या पायाने चिखलात जाऊन आत्याला हात देत होते.

आत्या खाली उतरली, नवऱ्याकडे तिने बघितलंही नाही. भावाच्या गळ्यातली माळ दोन बोटांत धरली. "भाऊ, मला... भाऊ, तुला ठावं हुतं?" दादा म्हणाले, "सोड. पोरीचा मुहूर्त चाललाय." मग ती नवरीला घेऊन माझ्या जीपमध्ये बसली. सुनंदाचा शालू गुडघ्यापर्यंत तांबडा झाला होता. मुहूर्त गाठला आम्ही. सावळेराम मागून चालत आला आणि मांडवात कुणी त्याला पाणी विचारलं नाही. मी पाच जिलब्या खाल्ल्या. खोटं कशाला सांगू, इतकी गोड जिलबी मी पुन्हा खाल्ली नाही.

त्यानंतर वाडी बदलली. ज्या म्हाताऱ्याचं मनगट मोडलं होतं तो दादांच्या ओट्यावर येऊन हात जोडून गेला. खिंडीत पहिला नारळ दादांच्या हातात देऊ लागले. सावळेरामने जीप विकून टाकली आणि पुढे मरेपर्यंत माझ्या समोरून जाताना मान खाली घातली. मला हवं होतं ते सगळं मिळालं. सव्याज मिळालं.

पण त्या दिवशी संध्याकाळी लग्नाहून परतताना दादांनी मला खिंडीत थांबवलं. बाकीचे देवीला हात जोडायला उतरले होते. जीपमध्ये आम्ही दोघंच होतो.

"सकाळी हितं," ते म्हणाले, "त्याचं हब मोकळं हुतं. तुला दिसलं हुतं?"

मी खोटं बोलू शकले असते. "दिसलं हुतं," म्हटलं.

दादा म्हणाले, "त्यानं केलं तवा त्याला कळत नव्हतं, यमे. तुला कळत हुतं."

"तुमच्यासाठी केलं, दादा."

"म्या कवा सांगितलं हुतं?" एवढंच म्हणाले. काठी घेतली, हळूहळू उतरले, जीपला धरून मागे गेले आणि मागच्या बाकावर, बायकांच्या पिशव्या सरकवून, जागा करून बसले.

पुढे अकरा वर्षं ते होते. माझं कौतुक करायचे, कुणी विचारलं तर सांगायचे, यमीइतकी जीप जिल्ह्यात कुणी चालवत न्हाई. माझ्या हातचं जेवायचे, माझी पोरं खांद्यावर खेळवायचे. पण जीपमध्ये माझ्या शेजारी पुन्हा बसले नाहीत. सावळेरामला मी माफ केलेलं नाही आणि करणारही नाही, तो दहाव्यापलीकडे गेला तरी. दादांनी मला केलं का, हे विचारायला मात्र माझी जीभ कधी उचलली नाही. मी आरशात बघायचे. मागे ते खिडकीबाहेर, पाण्याकडे तोंड करून बसलेले असायचे.